सतराव्या नंबरचा लुब्बर्ट

ओस्टरवीरमध्ये अशी बोलवा आहे की लुब्बर्ट तेरवीलने निवडणुकीआधी अर्ध्या गावाच्या खिडक्यांवर फुकट छपरं बसवून दिली आणि त्या सावलीत बसून मतं गोळा केली.

साफ खोटं. लुब्बर्टने या गावात आजवर फुकट दिलेली एकच गोष्ट म्हणजे त्याचा हात, तोही लांबून हलवण्यापुरता. खिडकीवर कापडी छप्पर बसवताना तो स्क्रूसुद्धा मोजून आणतो आणि एखादा उरला तर खिशात घालून परत नेतो. ज्यांनी त्याला मत दिलं त्यांतल्या प्रत्येकाने छपराची पूर्ण किंमत मोजलेली आहे, आणि तरीही मत दिलं आहे. हेच तर दुखणं आहे.

ही बोलवा उठवली गोस्से डाइकमाने. गोस्से म्हणजे माझा बाप. पण या गोष्टीत मी त्याला गोस्सेच म्हणणार, कारण बाबा म्हटलं की बाजू घ्यावी लागते. त्याच्या मनातलं मला कसं कळतं, असं कुणी विचारेल. त्याचे ओठ हलतात. मनातल्या मनात भांडणाऱ्या माणसाचे ओठ हलतात, आणि गोस्से बाराही महिने मनातल्या मनात लुब्बर्टशी भांडत असतो. मी फक्त आवाज घालते.

दोघं एका वर्गात, एका बाकावर. गणितं गोस्सेची, हसू लुब्बर्टचं. एका कडक हिवाळ्यात कालवा गोठला आणि शाळेने बर्फावर शर्यत लावली. गोस्से पहिला आला. लुब्बर्ट सगळ्यात शेवटी आला, दोन्ही काठांवरच्या लोकांना हात करत, टोपी कुठेतरी पडलेली, नाक गाजरासारखं लाल. त्याला बेकरीवालीने गरम चॉकलेट दिलं. गोस्सेला बिल्ला मिळाला.

याला पंचेचाळीस वर्षं झाली. परवा बाजारात मासळीच्या गाडीवर दोघं हेरिंग घ्यायला एकाच वेळी उभे. गाडीवरची म्हातारी म्हणाली, "लुब्बर्ट, ती बर्फावरची शर्यत आठवते का रे? काय मजा आली होती!"

"मी जिंकलो होतो ती," गोस्से म्हणाला.

"हो का?" म्हातारी म्हणाली, आणि लुब्बर्टच्या माशावर चिमूटभर कांदा जास्त घातला.

गोस्सेने घरी येऊन तो कांदा तीन दिवस सांगितला.

लुब्बर्टचा बाप शिडं शिवायचा. शिडाच्या होड्या कमी झाल्या, बाप म्हातारा झाला, आणि ते अवजड शिवणयंत्र लुब्बर्टच्या गळ्यात पडलं. त्यावर तो पट्ट्यापट्ट्यांची छपरं शिवायला बसला. ऊन आलं की दांडा फिरवून खिडकीवर उघडायची, ऊन गेलं की मिटायची. गोस्से तेव्हा नुकता पाणीखात्यात कारकून म्हणून लागला होता. तो मित्राला वाचवायला धावत गेला.

"मुद्दा क्रमांक एक," गोस्से म्हणाला. त्याचं सगळं बोलणं मुद्दा क्रमांक एकपासून सुरू होतं आणि क्रमांक दोनपर्यंत कुणी थांबत नाही. "आपल्याकडे वर्षातले दोनशे दिवस ढग असतात. खात्यात तीस वर्षांच्या नोंदी आहेत. तू छत्र्या विक."

"सांगू का?" लुब्बर्ट म्हणाला. हे त्याचं. 'सांगू का' म्हणताना तो खाली वाकतो, जणू समोरच्याच्या खिशातलं गुपित त्यालाच परत देणार आहे. "ढगाळ दिवसांत लोक काय करतात रे? उन्हाची वाट बघतात. मी त्या वाट बघण्याला कापड लावतो."

आज कालव्याकाठची सगळी ओळ नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची आहे. उन्हं पडली की गाव दोरीवर परकर वाळत घातल्यासारखं दिसतं. आमच्याही खिडकीवर लुब्बर्टचं छप्पर आहे. चौदा वर्षांपूर्वी गोस्से दोन दिवस परगावी गेला होता तेव्हा आउक्येने, म्हणजे माझ्या आईने, बसवून घेतलं. गोस्से ते कधी उघडत नाही. ऊन सरळ डोळ्यांत आलं तरी डोळे बारीक करून पेपर वाचतो.

राजकारणात लुब्बर्टला आणलं तेही गोस्सेनेच. गोस्से उदारमतवादी पक्षाच्या गावशाखेचा चिटणीस. पक्षाचं म्हणणं थोडक्यात असं की सरकारने माणसाच्या मध्येमध्ये करू नये. गोस्सेने ते थोडक्यात कधी सांगितलं नाही. त्या वर्षी बाजाराच्या दिवशी पक्षाची टपरी लावायची होती, आकाश भरून आलं होतं, आणि गोस्सेने लुब्बर्टकडे एक मोठं छप्पर मागितलं. छप्पर आलं, छपराबरोबर लुब्बर्ट आला, पाऊस आला, आणि पावसाबरोबर अख्खा बाजार त्या छपराखाली आला. गोस्से पत्रकं वाटत होता. लोक पत्रकं डोक्यावर धरून लुब्बर्टशी बोलत होते.

पुढच्या निवडणुकीत लुब्बर्ट नगरसेवक.

आठ वर्षं असं चाललं की गोस्से लिहायचा आणि लुब्बर्ट बोलायचा. कालव्यावरच्या जुन्या पुलाचं उदाहरण घ्या. गोस्सेने त्यावर बावीस पानांचं टिपण केलं, त्यात वाहतूक होती, भार होता, शेजारच्या सहा गावांचे पूल होते. लुब्बर्टने ते घेतलं, सभागृहात उभा राहिला आणि म्हणाला, "सांगू का? या पुलावरून दोन बायका सायकलवर शेजारी शेजारी गप्पा मारत जाऊ शकत नाहीत. एकीला मागे राहावं लागतं, आणि गोष्ट अर्धवट राहते. रुंद करूया."

पूल रुंद झाला. लोक त्याला लुब्बर्टचा पूल म्हणतात. गोस्से त्या पुलावरून जात नाही. पुढच्या पुलावरून वळसा घालून जातो, उलट्या वाऱ्यात, खाली मान घालून, आणि घरी पोचला की म्हणतो, "व्यायाम हवाच."

मग लुब्बर्टचा धंदा वाढला, शेजारच्या गावात दुसरं दुकान झालं, आणि त्याने नगरसेवकपद सोडलं. त्या दिवशी गोस्सेने कॉफीबरोबर क्रीमचा केक आणला. वाढदिवस कुणाचाच नव्हता.

आता त्याची पाळी होती. गेल्या हिवाळ्यात शाखेने उमेदवारांची यादी केली आणि यादीत पहिल्या नंबरावर, वीस वर्षांनी, नाव आलं गोस्से डाइकमा. पक्षाला चार जागा मिळतात हे ठरलेलं. चार जागा म्हणजे पालिकेत एक कारभारी, खाती चालवणारा, आपला. आणि कारभारी म्हणजे नगरभवनाच्या दुसऱ्या मजल्यावरची, कालव्याकडे तोंड केलेली, उंच खिडकीची खोली. त्या खिडकीला छप्पर नव्हतं. मला वाटतं गोस्सेला ती खोली मुख्यतः त्याचसाठी हवी होती. तो दर रविवारी आउक्येला फिरायला म्हणून नगरभवनासमोर न्यायचा आणि वर बघायचा.

आमच्याकडे यादीतल्या शेवटच्या नंबराची एक रीत आहे. तिथे गावातल्या एखाद्या आवडत्या माणसाचं नाव घालतात, शोभेला. तो निवडून यायचा नसतो, पण त्याच्या नावाने यादीला चार मतं जास्त पडतात. यंदा शेवटचा नंबर सतरावा होता. शाखेच्या सभेत एक जण उठून म्हणाला, "सतराव्यावर लुब्बर्टला घालूया."

"उत्तम," गोस्से म्हणाला. "मुद्दा क्रमांक एक, तिथे तो शोभेल."

शेवटचा! पंचेचाळीस वर्षांनी कागदावर, अधिकृत, गोस्से पहिला आणि लुब्बर्ट शेवटचा. बर्फावर तसंच तर झालं होतं, हे मात्र त्याला आठवलं नाही.

मार्चमध्ये मतदान झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या क्रीडागृहात कुणाला किती मतं पडली त्याची मोजणी. आमची मतपत्रिका टेबलक्लॉथएवढी असते. प्रत्येक पक्षाची अख्खी यादी तिच्यावर, आणि तुम्ही लाल पेन्सिलीने एकाच नावापुढचा गोल भरायचा. बहुतेक लोक पहिलंच नाव भरतात. मोजणाऱ्या बायका पत्रिका उलगडून नंबर पुकारत गठ्ठे लावत होत्या. गोस्से बास्केटबॉलच्या जाळीखाली हात मागे बांधून उभा होता. सुरुवात छान झाली.

"एक. एक. चार. एक."

मग, "सतरा."

"सतरा. एक. सतरा. सतरा. नऊ. सतरा. सतरा गं बाई, सतरा, हे पण सतराच."

अकरा वाजेपर्यंत सतराचा गठ्ठा टेबलावर मावेना, खुर्ची आणावी लागली. गोस्सेला तीनशे बारा. लुब्बर्टला एक हजार सेहेचाळीस. आमच्या नियमाने एवढी मतं एकट्याच्या नावावर पडली की यादीतला नंबर कुणी विचारत नाही. माणूस थेट आत. चारांतली एक जागा गोस्सेची, एक लुब्बर्टची.

लुब्बर्ट दारातून आला तो हातात कापड मोजायची पट्टी घेऊन, कुठल्यातरी खिडकीवरून उठून. "नाही ना!" तो म्हणाला. "अरे गोस्से, मी तर प्रचारसुद्धा नाही केला!"

खरं होतं. एक पत्रक नाही, एक भाषण नाही. गोस्सेने सहाशे दारांवर घंटी वाजवली होती.

"अभिनंदन," गोस्से म्हणाला. या एका शब्दाला त्याला किती वेळ लागला ते मी करून दाखवू शकते, पण लिहून दाखवता येत नाही.

आता कारभारी कोण? ते शाखेच्या सभेत ठरणार होतं, तीन आठवड्यांनी, सभासदांच्या मताने. एकूण सभासद एकेचाळीस.

संध्याकाळी वाटाण्याचं सूप होतं. गोस्सेचा चमचा सुपात उभा राहिला तसाच राहिला.

"एक हजार सेहेचाळीस," तो म्हणाला. "ही माणसं आली कुठून? फुकट छपरं वाटली असणार त्याने."

"आपल्याला कुठे फुकट दिलं?" आउक्ये म्हणाली.

"आपल्याला मोजू नकोस. मुद्दा क्रमांक एक—"

"तो लोकांच्या वाढदिवसांना जातो," आउक्ये म्हणाली. "माझ्या आईला दर वर्षी त्याचं कार्ड येतं. तिच्या जावयाचं येत नाही."

"पण त्याला तुझ्या आईचा वाढदिवस कळला कसा?"

"आता मला काय माहीत! मापं घ्यायला आला होता तेव्हा... माप घेतलं, कॉफी घेतली, मग संडासात गेला. बराच वेळ होता, एवढं आठवतं. मला वाटलं पोट बिघडलं असेल बिचाऱ्याचं."

गोस्सेचे ओठ थांबले. असं वर्षातून एकदा होतं.

वाढदिवसाचं कॅलेंडर संडासात असतं. दुसरं कुठे असणार? बसलं की नाकासमोर, बारा पानं, वार नसलेली, म्हणून वर्षानुवर्षं तेच चालतं. सगळ्या सग्यासोयऱ्यांची नावं आपापल्या तारखेपुढे, निळ्या शाईत, आजीच्या हातची, आईच्या हातची. ओस्टरवीरमधला प्रत्येक माणूस ते रोज वाचतो आणि दुसऱ्याच्या घरी गेला तर शिष्टाचार म्हणून वाचल्याचं दाखवत नाही. लुब्बर्टने वाचलं होतं. तीस वर्षं, घरोघरी, माप झालं की, "सांगू का वहिनी, तुमचा संडास वापरला तर चालेल?" आणि खिशात पेन्सिल होतीच, मापं लिहायची.

गोस्से उठून आमच्या संडासात गेला आणि दार लावून घेतलं. आतून आवाज आला, "चोर!" मग थोड्या वेळाने, जरा वेगळ्या सुरात, "हे मला का नाही सुचलं?"

दुसऱ्या दिवसापासून गोस्सेने शाखेच्या सभासदांच्या घरी जायला सुरुवात केली. निमित्त, पालिकेच्या गटार योजनेवर मत घ्यायचं. एक कप कॉफी, बरोबर एक बिस्किट, डब्याचं झाकण बंद, गटारांवर दोन मिनिटं, आणि मग, "तुमचा संडास जरा..." दिवसाला पाच घरं. पाच कॉफ्या झाल्यावर संडास खराच लागायचा, आणि घाईत तारखा लिहायच्या राहून जायच्या, मग परत जावं लागायचं. बेकरीत दोन बायका बोलताना मी ऐकलं. "गोस्सेला काहीतरी झालंय हो. गटारांवर बोलतो आणि पळत सुटतो." "निवडणुकीचा धक्का. माझ्या दिराला असंच पोटात गेलं होतं."

तरी त्याने एकेचाळीसपैकी तेहेतीस घरं केली. तारखा एका वहीत, अक्षर सुंदर, समासासकट. सभेच्या आधी येणारा, उपयोगाचा असा एकच वाढदिवस त्यात होता: दोन एप्रिल, डौवे. घर मार्रिटआजीचं, आमच्या गल्लीच्या टोकाला. मार्रिट पंच्याऐंशीची, शाखेची सगळ्यात जुनी सभासद. ती ज्या बाजूला हात वर करते तिकडे निम्मी सभा हात वर करते.

"डौवे कोण गं?" गोस्सेने विचारलं.

"मुलगा असेल एखादा," आउक्ये कपडे घड्या करत म्हणाली. "किंवा नातू. तुला ठाऊक नसलं तर जाऊ नकोस."

"लुब्बर्टला तरी कुठे सगळी ठाऊक असतात!" गोस्से म्हणाला, आणि बेकरीतून क्रीमचा केक घेतला, दहा माणसांना पुरेल एवढा.

त्याने मला बरोबर नेलं, केक धरायला, कारण सायकलवर केक आणि रुबाब एकाच वेळी सांभाळता येत नाहीत. मार्रिटने दार उघडलं. वाढदिवसाला आमच्याकडे घरातल्या सगळ्यांचंच अभिनंदन करतात. गोस्सेने तिचा हात धरून वरखाली हलवला आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "अभिनंदन, मार्रिट, अभिनंदन! डौवेच्या वाढदिवसाबद्दल हार्दिक अभिनंदन! कुठे आहे वाढदिवसाचा राजा?"

मार्रिट 'हो' म्हणताना श्वास आत ओढते, जणू शब्द बाहेर न टाकता गिळतेय. तसं तिने केलं. "होss," ती म्हणाली. "तो तिकडे आहे."

आतल्या खोलीत वाढदिवसाला असतात तशा गोलात मांडलेल्या खुर्च्या नव्हत्या. दोनच होत्या. एकीवर लुब्बर्ट बसला होता, कोट मांडीवर, हातात कप. मध्ये टेबलावर एक फोटो, फोटोपुढे एक मेणबत्ती, भर दुपारी लावलेली. फोटोतला माणूस कालव्याच्या दारांवर उभा होता, पाणी आत-बाहेर सोडायच्या चाकावर हात ठेवून. डौवे. मार्रिटचा नवरा. सहा वर्षांपूर्वी गेलेला.

गोस्से त्याला ओळखत नव्हता असं नाही. वीस वर्षं ओळखत होता, पण गल्लीतल्या सगळ्यांसारखाच आडनावाने, शाखेच्या यादीतला सभासद क्रमांक एकतीस म्हणून. तो गेल्यावर गोस्सेने स्वतःच्या हाताने, पट्टी लावून, यादीतून त्याचं नाव खोडलं होतं आणि शाखेच्या कागदावर शोकपत्र पाठवलं होतं. यादीतून माणूस खोडतात. संडासातल्या कॅलेंडरवरून कुणी कुणाला खोडत नाही. गेलेला माणूसही आपल्या तारखेला तिथेच राहतो. हे गोस्सेच्या स्वतःच्या घरी तसंच होतं, त्याचा बाप सप्टेंबरात होता, आई नोव्हेंबरात. पण दुसऱ्याच्या कॅलेंडरवर ते त्याच्या लक्षात आलं नाही.

केक माझ्या हातात. फार जड झाला तो.

"मी... मला..." गोस्से म्हणाला. मुद्दा क्रमांक एकसुद्धा येईना.

"बस रे," मार्रिट म्हणाली. "डौवेला क्रीमचा केक आवडायचा. सगळा खायचा मेला."

लुब्बर्टने कप खाली ठेवला. उठला, स्वयंपाकघरातून तिसरी खुर्ची आणली आणि गोस्सेच्या मागे ठेवली. त्या क्षणी तो एक शब्द जरी बोलला असता, एखादा 'सांगू का', थोडंसं हसला असता, तरी गोस्सेला बरं वाटलं असतं.

मग ते तिघं डौवेबद्दल बोलले. म्हणजे दोघं बोलले. डौवे रात्री-बेरात्री कुणी होडीवाला ओरडला की कसा चड्डीवर धावायचा, डौवे पत्त्यांत कशी लबाडी करायचा. लुब्बर्टला सगळं माहीत होतं, कारण तो सहाही वर्षं आला होता. गोस्से ऐकत होता आणि त्याची नजर बिस्किटांच्या डब्यावर होती. मार्रिटने डबा त्याच्यापुढे धरला. त्याने एक घेतलं. मग तिने डबा लुब्बर्टपुढे धरला. लुब्बर्टने एक घेतलं, ते संपवलं, आणि मार्रिटने झाकण लावायच्या आधी डबा पुन्हा लुब्बर्टपुढे धरला.

दुसरं! ओस्टरवीरमध्ये दुसरं बिस्किट मिळायला माणसाला घरात लग्न करून यावं लागतं.

परत येताना गोस्से सायकल हातात धरून चालत होता. "मतांसाठी जातो तो," तो म्हणाला. थोडं पुढे गेल्यावर म्हणाला, "सहा वर्षांपूर्वी तर त्याला निवडणूक लढवायचीच नव्हती." आणि गल्ली संपता संपता, "दोन बिस्किटं दिली तिने त्याला. पाहिलंस का तू?"

सभा झाली. मार्रिटने हात वर केला, निम्म्या सभेने केला. लुब्बर्टला एकोणतीस, गोस्सेला अकरा, एक जण सर्दीमुळे गैरहजर. लुब्बर्ट म्हणाला, "सांगू का? मला खरं तर नको होतं हे. पण नको म्हटलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं." लोक हसले, टाळ्या वाजवल्या. गोस्सेने सभेचं इतिवृत्त लिहिलं, कारण चिटणीस तोच होता. त्यात टाळ्यांचा उल्लेख नाही.

आठवड्याभरात नगरभवनाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या उंच खिडकीवर नारिंगी-पांढरं छप्पर लागलं. रविवारचं फिरणं बंद झालं. आणि गोस्सेने आमच्या संडासातलं कॅलेंडर काढून कपाटात वरच्या फळीवर टाकलं. चौदा मे जवळ येत होता, त्याचा स्वतःचा वाढदिवस. आता आम्ही आत बसलो की समोर नुसता खिळा.

बाराव्या तारखेला लुब्बर्ट मला त्याच्याच पुलावर भेटला. सायकल आडवी घालून उभा राहिला.

"काय गं पोपटे, शाळेत माझी नक्कल करतेस म्हणे? कशी करतेस, बघू."

"सांगू का, लुब्बर्टकाका?" मी वाकून म्हटलं.

तो खदखदून हसला. "आणि बापाची?"

"ती घरी करते. दार लावून."

"चौदा तारखेला येतोय मी," तो म्हणाला.

"येऊ नका. बाबा तुम्हाला दारातून आत घेणार नाही. त्याने कॅलेंडरसुद्धा काढून टाकलंय."

"घेईल आत."

"नाही घेणार."

"आत घेईल, आणि दुसरं बिस्किटही देईल. स्वतःच्या हाताने."

आमच्या घरचं डब्याचं झाकण राजा आला तरी दुसऱ्यांदा उघडत नाही, हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. मी लगेच हात पुढे केला. "पैज! हरलात तर पालिकेच्या पुढच्या सभेत पहिल्यापासून शेवटपर्यंत गप्प बसायचं."

"अरे बाप रे," तो म्हणाला. "बरं. आणि तू हरलीस तर माझं चरित्र लिहायचं. असेल तसं. बापाची बाजू घ्यायची नाही." त्याने माझ्या हातावर हात मारला. "माझीही नाही."

चौदाला दुपारी तीनला खुर्च्या गोलात मांडलेल्या, गल्लीतले नऊ जण बसलेले, मार्रिट आरामखुर्चीत. घंटी वाजली. गोस्सेने दार उघडलं. लुब्बर्ट. शेजारी आमची मोठी बिनपडद्याची खिडकी, आणि खिडकीतून नऊ माणसं दोघांकडे बघतायत. वाढदिवसाला अभिनंदन करायला आलेल्या माणसाला ओस्टरवीरमध्ये दारातून परत पाठवता येत नाही. ते जमलं असतं तर अर्ध्या सासवा कधीच आत आल्या नसत्या. गोस्से बाजूला झाला. पैजेचा अर्धा भाग तिथेच गेला.

लुब्बर्टने गोलात सगळ्यांचे हात हातात घेतले, रीतीप्रमाणे. "आउक्ये, अभिनंदन, नवऱ्याबद्दल. मार्रिट, अभिनंदन, शेजाऱ्याबद्दल. पोपटे, अभिनंदन, बापाबद्दल." शेवटी गोस्से. "आणि तुझं तुझ्याबद्दल, लेका."

कॉफी आली. डबा फिरला. एकेक बिस्किट. झाकण, टक्. मी लुब्बर्टकडे बघून ओठांवर बोट ठेवलं, म्हणजे आतापासूनच सराव करा.

लुब्बर्टने बिस्किट सावकाश संपवलं. रिकामी बशी मांडीवर गोल फिरवली. मग कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाला, "मार्रिटकडे मला नेहमी दोन मिळतात हो."

"होss," मार्रिटने श्वास आत ओढला. "तो येतो ना डौवेसाठी."

गोस्सेचे ओठ हलायला लागले. मला सगळं ऐकू येत होतं: मुद्दा क्रमांक एक, हे माझं घर आहे. मुद्दा क्रमांक दोन, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्याला दोनवर पोचलेला पाहिला, ती म्हातारी याला दोन देते आणि माझ्या घरी याला एकच मिळालं, हे उद्या बेकरीत कळणार. मुद्दा क्रमांक तीन—

गोस्सेने डबा ओढला, झाकण काढून स्वतःच्या मांडीवर ठेवलं आणि डबा लुब्बर्टच्या नाकापुढे धरला.

"तीन घे," तो म्हणाला. "माझ्याकडे तीन मिळतात."

लुब्बर्टने एकच उचललं, कारण पैज दुसऱ्याची होती, तिसऱ्याची नव्हती. ते तोंडात टाकलं, कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि एक कोरी वही काढून माझ्या मांडीवर ठेवली. वही तो येतानाच घेऊन आला होता.